मुक्त व्यापार आणि न्याय्य व्यापार: आमच्या चपलांच्या दोन ऑर्डरींवरून

अथणीची_वेणी

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या अथणी तालुक्यात, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला टेकून आमचं गाव. आमचा बायकांचा बचत गट कोल्हापुरी चपला करतो. तळ कापणं, ठोकणं, टाच बसवणं घरचे पुरुष करतात. वेणी घालणं, पट्ट्यावर नक्षी उठवणं, कान शिवणं हे सगळं बायकांच्या हातचं. गटाचा हिशोब मी बघते.

सध्या दोन विचारणा आल्यात. मुंबईचे एक निर्यातदार म्हणतात, ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झालाय, तिकडची जकात जाणार, आता माल कमी पडेल. दर मात्र ते सांगतील तो. दुसरी विचारणा जर्मनीतल्या दुकानांसाठी माल घेणाऱ्या एका बाईंची. त्यांचं पहिलंच वाक्य, तुमचा गट न्याय्य व्यापाराच्या तत्त्वांवर चालतो का? मग मजुरी कोण ठरवतं, पैसे बाईच्या हातात पडतात की घरच्या पुरुषाच्या, पोरं कामाला बसतात का, कातडं कमावताना काय वापरता, असे पानभर प्रश्न.

गटाच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "मुक्त म्हणजेच न्याय्य नव्हे का? बंधन गेलं की न्याय झाला." मला त्यांना नुसती व्याख्या ऐकवायची नाही. आपल्या भागात ऊस, काजू, तंबाखू, दूध यांत ज्यांनी हे दोन्ही बघितलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निपाणीचे_मास्तर

ताई, वाणिज्य शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून आधी थोडं वर्गातलं सांगतो.

मुक्त व्यापार हा दोन देशांच्या सरकारांमधला मामला. आयात शुल्क, कोटा, परवाने कमी करा, माल जिकडे स्वस्त होतो तिकडून जिकडे हवा आहे तिकडे जाऊ द्या. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन हे मांडलं. पोर्तुगाल दोन्ही गोष्टी कमी श्रमात करत असला तरी ज्यात त्याची सरशी जास्त तीच त्याने करावी आणि दुसरी विकत घ्यावी. त्यात दोघांचाही फायदा. जकाती कमी करण्यासाठी देशांनी केलेला गॅट करार १९४७ चा, जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ पासून, आणि भारत दोन्हींत पहिल्या दिवसापासून आहे. तुमच्या निर्यातदाराने सांगितलेल्या ब्रिटनच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणांवर तिकडे १६ टक्क्यांपर्यंत शुल्क होतं, करारात ते शून्यावर आणायचं ठरलं आहे.

आता मुद्दा बघा. हे १६ टक्के वाचले तर ते कोणाच्या खिशात जाणार, याबद्दल करार एक अक्षर बोलत नाही. ब्रिटनचा दुकानदार किंमत उतरवेल, किंवा मुंबईचा निर्यातदार ठेवून घेईल, किंवा तुमची मजुरी वाढेल. कराराच्या दृष्टीने तिन्ही सारखंच.

न्याय्य व्यापार सुरू होतो तो इथून. तो सरकारांमधला नाही; घेणारा आणि करणारा यांच्यातला आहे. दर कसा ठरला, पैसे कधी मिळाले, व्यवहार किती वर्षं टिकणार, करणाऱ्याला त्यात तोंड आहे का. कायद्याने कोणावर सक्ती नाही, स्वीकारणाऱ्याने स्वतःहून बांधून घ्यायचं.

घटप्रभा_काठ

वाचतोय. चांगला धागा.

ऊसकरी_रायबाग

मास्तर, तुम्ही दोन देशांचं सांगितलं. आमच्याकडं दोन देश लागत नाहीत, दोन राज्यं पुरतात.

सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं आदेश काढला की ऊस राज्याबाहेर जायचा नाही. तिकडच्या शेतकरी संघटनांनी उठाव केला आणि काही दिवसांतच आदेश मागं घेतला. का उठाव केला? आमच्या बाजूचे कारखाने लवकर सुरू होतात, कधी दर बरा देतात. आणि आमच्या बाजूचा ऊस कोल्हापूर-सांगलीकडं जातोच की. शेत या राज्यात, कारखाना त्या राज्यात, मधी एक ओढा. घटनेच्या ३०१ कलमात देशभर व्यापार मुक्त म्हटलंय. शेतकऱ्याला दोन गिऱ्हाइकं असली तर त्याची मान ताठ राहते. म्हणून मी मुक्त व्यापाराच्या बाजूचा माणूस आहे, सरळ सांगतो.

पण ट्रॉली फाटकातून आत गेली की पुढं काय? काटा कारखान्याचा. उतारा, म्हणजे उसातून साखर किती निघते, ते काढणारी प्रयोगशाळा कारखान्याची. आपण बाहेरच्या वजनकाट्यावर भरून नेलेलं वजन आत गेल्यावर घटतं, हे माझ्या डोळ्यादेखत झालंय. बोललं की पुढच्या खेपेला तोडणी टोळी आठ दिवस फिरकत नाही, ऊस वाळतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. १४ दिवसांत बिल, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे व्याज हातात पडलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत मला भेटायचाय.

शहापूरची_सून

ऊसकरी दादा, नोव्हेंबर २०२५ ला ऊस दरासाठी गुर्लापूर क्रॉसला जे आंदोलन झालं ते पण लिहा ना.

ऊसकरी_रायबाग

लिहितो. मागणी उसाला टनाला ३५०० रुपयांची होती. आंदोलन पेटलं, रस्ते अडले, शेवटी कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली आणि ३३०० वर मिटलं. केंद्राचा २०२५-२६ चा रास्त आणि किफायतशीर दर टनाला ३५५० आहे, पण तो १०.२५ टक्के उताऱ्याला, आणि त्यात तोडणी-वाहतूक धरलेली. ती वजा झाली की शेतकऱ्याच्या हातात काय येतं ते प्रत्येकानं आपल्या पावतीवर बघावं.

कारखानदारांची पण बाजू आहे, ती खोटी नाही. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर थांबलेली. निर्यात सरकारच्या मर्जीवर. २०२३-२४ ला ती जवळजवळ बंदच ठेवली. शहरात साखर महागू नये म्हणून दार बंद, आणि त्याचा भार बांधावर. असल्या बंदीला माझा विरोध आहे आणि काट्यावरच्या लुटीलाही. अक्का, तुमच्या मावशींना माझ्याकडून सांगा, दोन्ही पाहिजे. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

उद्यमबाग_फौंड्री

मी थोडा विरोधी सूर लावतो.

बेळगावात उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत उभी राहिली ती कुणाच्या न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्रावर, शिक्क्यावर नाही. आमचं कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले भाग, बाहेर जातं कारण ते मापात असतं आणि वेळेवर असतं. १९९१ च्या उदारीकरणानंतर मशीन आयात करणं सोपं झालं, बाहेरची गिऱ्हाइकं मिळाली, आजूबाजूच्या गावांतली पोरं कामाला लागली. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा ऑर्डरी थांबल्या आणि पहिला फटका कंत्राटी कामगाराला बसला, मालकाला नाही. तेव्हा व्यापार मुक्त नसला की गरीब आधी मरतो, हे मी रोज बघितलंय.

न्याय्य व्यापारात मला भीती वाटते ती दयेची. परदेशातल्या सुखवस्तू माणसाला चांगलं वाटावं म्हणून दोन पैसे जास्त. त्याचं मन बदललं की आपण रस्त्यावर. धंदा गुणावर चालावा.

खानापूर_काजू

उद्यमबाग साहेब, गुणावर चालावा हे मान्य. पण गुण कोणाचा आणि दर कोणाला, हे काजूत बघा.

माझं खानापूर तालुक्यात छोटं काजू युनिट आहे. आपल्या देशाचा काजू सगळ्या कारखान्यांना पुरत नाही, त्यामुळे आयव्हरी कोस्ट, टांझानियाकडून कच्ची बी येते. ती आली नाही तर पावसाळ्यानंतर माझं युनिट बंद आणि बायका घरी. म्हणून ती आयात मला हवी आहे. पण एप्रिल-मेमध्ये आमच्याच माणसांची बी बाजारात येते, तेव्हा व्यापारी बंदरावरचा भाव दाखवतो आणि म्हणतो, बाहेरची एवढ्याला पडते, तू जास्त का मागतोस? बागायतदाराला दुसरं गिऱ्हाईक नसतं. खानापूरचा असो की चंदगडचा, दोघांना एकच भाव ऐकायला मिळतो.

आता कामाचं सांगतो. बी वाफवली की पायाच्या यंत्रावर एक एक फोडायची. टरफलात जे तेल असतं ते चामडी जाळतं. बायका हाताला राख लावतात, एरंडेल लावतात, तरी बोटांची टोकं काळी पडून सोलतात. आधार कार्डाला अंगठा उठत नाही म्हणून आमच्याकडच्या दोघींचं रेशन अडलं होतं. अख्खा गर निघाला तर एक भाव, पाकळी झाली तर निम्म्याच्या आसपास, आणि मजुरी किलोवर. हातमोजे घातले तर वेग कमी होतो, म्हणून त्या घालत नाहीत. मी चांगले पातळ हातमोजे आणले आणि किलोचा दर थोडा वाढवला, तेव्हा कुठे घालायला लागल्या. तो खर्च मला गोव्याच्या बाजारात कोणी देत नाही. घेणारा विचारतो फक्त रंग आणि साइज.

कोणी घेणारा पानभर प्रश्न पाठवून विचारत असेल की बायकांच्या हाताचं काय करता, तर मी त्याला दया म्हणणार नाही. आमच्या कामात खर्च आहे हे मान्य करणारा पहिला माणूस म्हणेन.

निट्टूरकर

काका, मी बागायतदाराच्या बाजूचा. तुम्ही युनिटवाले आयात पाहिजे म्हणता, आणि आमचा भाव पडला की व्यापाऱ्याकडं बोट दाखवता. हंगामाचे दोन महिने तरी आफ्रिकेच्या बीवर शुल्क चढवावं की नाही, सांगा.

खानापूर_काजू

दादा, हंगामापुरतं शुल्क लावलं तर मी विरोध करणार नाही. पण व्हिएतनामचे कारखाने तीच बी घेऊन गर स्वस्तात विकतात, त्यांच्याशी मला बाराही महिने टक्कर द्यायची आहे. यापेक्षा तुम्ही वीस-पंचवीस बागायतदारांनी बी वाळवून, पोती भरून एकत्र आणा. मी आणि माझ्यासारखे आणखी दोघे थेट घेऊ. मधला माणूस गेला की तेवढंच दोघांना सुटेल. हे फोनवर बोलू.

तवंदी_घाट

तंबाखूचा विषय निघाला नाही अजून, म्हणून लिहितो.

१९८१ ला निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला. शरद जोशी नेतृत्वाला होते. मराठी-कन्नड हा भेद त्या रस्त्यावर राहिला नव्हता, हे आमच्या घरी अजून सांगतात. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. त्यांची मागणी काय होती? तंबाखू परदेशी जाऊ द्या किंवा जाऊ देऊ नका, असली नव्हतीच. व्यापारी माल उचलतो, भाव नंतर सांगतो, पैसे त्याहून नंतर देतो. वजनात कट, दर्जात कट. भाव माल उचलण्याआधी ठरावा आणि घाम गाळणाऱ्याला परवडेल असा असावा, एवढंच.

युरोपातले लोक न्याय्य व्यापार म्हणून आज जे लिहितात ते निपाणीच्या शेतकऱ्याने रस्त्यावर बसून मागितलं होतं. त्यामुळे ही बाहेरून आलेली कल्पना आहे असं मला वाटत नाही.

बिडीवाल्याची_नात

तवंदी_घाट, एक भर घालते. शेतकऱ्याच्या भावाची गोष्ट सगळे सांगतात, त्याच निपाणीत वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांची कमी सांगतात. माझी आजी हजाराच्या हिशोबाने विड्या वळायची. दिलेल्या पानात विड्या कमी भरल्या तर पैसे कापायचे, आणि "छाट" म्हणून बाजूला काढलेल्या विड्या मुकादम घेऊनच जायचा. विडी कामगारांचा कायदा १९६६ ला झाला. संघटना झाली तेव्हा तो कागदावरून खाली उतरला.

म्हणून शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणजे न्याय झाला, इथे थांबू नका. शेतकऱ्याच्या खाली पण कोणीतरी असतं.

कॉफी_बंगळूर

मूळचा बेळगाव अनगोळचा, आता बंगळूरला कॉफी निर्यातीत आहे. न्याय्य व्यापाराचं सगळं यंत्र ज्या पिकावर उभं राहिलं ते हेच, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

१९८९ पर्यंत आंतरराष्ट्रीय कॉफी करारात देशांचे कोटे होते, त्यामुळे दर फार कोसळत नसे. त्या वर्षी कोटे गेले आणि दर घसरला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर पहिला शिक्का लागला होता. १९९७ ला वेगवेगळ्या देशांच्या संस्था एकत्र येऊन आजची फेअरट्रेड संघटना झाली. मुख्यालय जर्मनीत, बॉनला.

चालतं कसं? अरेबिका जातीच्या धुतलेल्या कॉफी बीला पौंडाला १ डॉलर ८० सेंट किमान दर, ऑगस्ट २०२३ पासून. आधी तो १.४० होता. बाजार त्याच्या खाली गेला तर घेणाऱ्याने किमान दर द्यायचा, वर गेला तर बाजारभाव. शिवाय पौंडाला २० सेंट वेगळे, ते शेतकऱ्यांच्या संघाला. विहीर की शाळा की वाळवण्याचं अंगण, हे सभासद मतदानाने ठरवतात. उद्यमबाग साहेब, हे मतदान आहे म्हणून मी याला दान म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२५ ला न्यूयॉर्कच्या बाजारातला दर पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला. तेव्हा किमान दराला काहीच काम नव्हतं, उलट सभासद संघाला माल न देता गावात आलेल्या व्यापाऱ्याला रोखीत विकत होते. प्रमाणपत्राची फी आणि तपासणी दरवर्षी भरायची. आणि संघाचा सगळा माल शिक्क्याखाली विकला जाईल याची हमी नाही. बऱ्याच ठिकाणी काही भागच जातो, बाकी साध्या बाजारात. २०११ अखेर अमेरिकेची संस्था फेअरट्रेडमधून बाहेर पडली, कारण तिला मोठ्या मळ्यांच्या कॉफीलाही शिक्का द्यायचा होता. छोट्या शेतकऱ्यांसाठी काढलेली गोष्ट मळेवाल्यांना कशी, हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत छोट्यांच्या बाजूने आहे.

एक शेवटचं. युरोपीय संघ कच्च्या कॉफीवर शुल्क घेत नाही, भाजलेल्यावर ७.५ टक्के घेतो. म्हणजे बी पाठवा, भाजून पैसा कमवू नका. न्याय्य व्यापाराचा शिक्का हे शुल्क काढू शकत नाही. त्याला मुक्त व्यापारच लागतो.

गोंधळी_गल्ली

धागा चपलेचा, आणि सगळे कॉफी प्यायला बसले. चहावाल्यांनी बाहेर थांबायचं का?

कॉफी_बंगळूर

चहालाही शिक्का आहे साहेब, आत या.

संकेश्वरी_गूळ

थोडं अवांतर. आमच्या बाजूचा गूळ कोल्हापूरच्या बाजारात जातो आणि तिथे कोल्हापुरी म्हणून विकला जातो, त्यावरून दरवर्षी बोंब होते. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येतं. तिकडच्या गुऱ्हाळवाल्याचं म्हणणं, आमचं नाव, आमची मेहनत, आणि भाव तुमच्यामुळे पडतो. इकडचा म्हणतो, ऊस तोच, पाणी तेच, कढई तीच. यात न्याय्य काय आणि मुक्त काय?

निपाणीचे_मास्तर

गूळ विकायला तुम्हाला कोणी अडवू नये. पण तो संकेश्वरचा म्हणूनच विकावा. दुसऱ्याच्या नावावर विकण्याची मोकळीक मुक्त व्यापार पण देत नाही. शिवाय तुमच्या गुळाचं नाव त्यात कधीच होणार नाही, हे नुकसान कोणी मोजत नाही.

बाकी चपलेत हा वाद नाही, हे छान आहे. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. तिकडून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. इकडून बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. वेणीताई, तुमच्या गावाची चपल कायद्याने कोल्हापुरीच आहे.

सुळगा_सायकल

मग त्या इटलीच्या फॅशन कंपनीचा, प्राडाचा किस्सा? जून २०२५ ला मिलानच्या रॅम्पवर आपली चपल, आणि कुठे कोल्हापूरचं नाव नाही.

शहापूरची_सून

ओरड झाली तेव्हा त्यांनी मूळ प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं. मग डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्याच कारागिरांकडून चपला करून घ्यायचं ठरलं. किंमत सुमारे ८०० युरो असल्याचं छापून आलं होतं. मला त्यात एकच आकडा हवा आहे: त्यातले वेणी घालणारीला किती? तो कुठे वाचला नाही.

आमच्या वडगाव-खासबागच्या मागावरच्या साड्यांचं पण हेच. सुरतच्या मालाला कोणी अडवावं असं मी म्हणणार नाही, देश एक आहे. पण विणकराला सूत उधार देणारा आणि साडी विकत घेणारा एकच माणूस असला, की साडीचा भाव तोच ठरवतो. बाजार कितीही मोकळा असला तरी त्या विणकराचा बाजार म्हणजे तो एक माणूस.

उद्यमबाग_फौंड्री

शहापूरच्या वहिनी, हा मुद्दा पटला. कच्चा माल देणारा आणि पक्का माल घेणारा एकच असेल तर तिथे स्पर्धा नाहीच, आणि मुक्त व्यापाराचं सगळं गणित स्पर्धा धरून आहे. आमच्याकडेही एकाच मोठ्या कंपनीवर जगणारी छोटी युनिटं असतात. बिल ४५ दिवसांत द्यायचं म्हणून सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा २००६ पासून आहे, आणि सहा-सहा महिने पैसे येत नाहीत. तक्रार करायची तर पुढची ऑर्डर जाते.

तरी माझा आग्रह राहील की शिक्क्याच्या मागे लागण्याआधी दोन-तीन गिऱ्हाइकं जोडा.

अथणीची_वेणी

सगळ्यांचे मनापासून आभार. बिडीवाल्याची नात, तुमचं वाचून थांबले. आमच्या गटात पण काही जणी सभासद नाहीत, गर्दीच्या वेळी येऊन नक्षीचं काम करतात. त्यांच्या मजुरीचा विचार आम्हालाही करावा लागेल.

दोन प्रश्न. एक, तो कॉफीवरचा शिक्का चपलेला मिळतो का? दोन, आमची खरी अडचण कातडं. आता ते बाहेरच्या व्यापाऱ्याकडून रोखीने घ्यावं लागतं. भाव चढला की दुकानदार उधारीवर कातडं देतो आणि चपला त्यालाच द्यायच्या म्हणतो. शहापूरच्या ताईंनी साडीचं लिहिलं तेच. मोठी ऑर्डर घेतली तर कातड्याला पैसे कुठून आणायचे?

कॉफी_बंगळूर

अक्का, तो शिक्का मुख्यतः शेतमालाचा. कॉफी, चहा, कोको, केळी, कापूस, फुलं. शेतीबाहेरचं म्हणजे सोनं, फुटबॉल असं थोडंच. हस्तकलेसाठी दुसरी वाट आहे, जागतिक न्याय्य व्यापार संघटना, १९८९ ची. ती वस्तूला नाही, संस्थेला तपासते, तिची दहा तत्त्वं आहेत. भारतात फेअर ट्रेड फोरम इंडिया आहे, त्यांच्याकडे चौकशी करा.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच दहा तत्त्वांत आहे. हस्तकलेच्या ऑर्डरीला करणाऱ्याने मागितलं तर किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. जर्मनीच्या बाई खरंच त्या तत्त्वांवर चालत असतील तर त्यांना हे नवीन नसेल. मागा, संकोच करू नका. अर्धे पैसे आधी आले तर कातडं रोखीने येईल आणि त्या दुकानदाराच्या उधारीतून सुटाल. माझ्या मते न्याय्य व्यापारात किमान दरापेक्षाही हा भाग मोठा आहे, आणि चर्चा याची सगळ्यात कमी होते.

तवंदी_घाट

अथणीत टो-होल्ड नावाने बायकांच्या गटांनी परदेशात चपला विकल्या होत्या ना? त्यात काम केलेल्या कोणी बाई ओळखीच्या असतील तर आधी त्यांना भेटा.

ऊसकरी_रायबाग

आणि मुंबईच्या निर्यातदाराला नाही म्हणू नका अक्का. त्याला पण ५० टक्के आगाऊ मागा. देईल न देईल, पण दुसरं गिऱ्हाईक दारात आहे हे त्याला कळू दे. मी कोल्हापूरच्या कारखान्याचं नाव काढलं की आमचा शेती अधिकारी खुर्ची देतो.

निपाणीचे_मास्तर

वा ऊसकरी, वर्गात इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

वेणीताई, एक तांत्रिक गोष्ट. करार लागू झाल्यावर ब्रिटनची शुल्कसवलत आपोआप मिळत नाही. माल भारतातच तयार झाला याचा पुरावा, मूळस्थानाचा दाखला, लागतो. तो कागद निर्यातदार कोणाच्या नावाने काढतो, आणि त्यात उत्पादक म्हणून गटाचं नाव येतं का, हे विचारा. नाव आलं तर पुढच्या वर्षी तुम्ही स्वतः निर्यात करू शकाल. आणि दर बोलण्याआधी खर्चाचा तक्ता करा. कातडं, दोरा, खिळा, वीज, भाडं, आणि मजुरी तासावर. बायका घरचं काम सांभाळत मधेमधे वेणी घालतात म्हणून तो वेळ कोणी धरत नाही. तो धरा.

बिडीवाल्याची_नात

+१. आणि बाहेरून येणाऱ्यांचा तासही तोच धरा.

अथणीची_वेणी

काल बैठक झाली. ऊसकरी दादांचा काटा आणि मास्तरांचा दाखला, दोन्हींचं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे एक रस्ता आणि एक मजुरी. रस्ता झाला म्हणून मजुरी मिळत नाही." सगळ्यांना पटलं.

ठरलं ते असं. जर्मनीच्या बाईंना छोटी ऑर्डर मागायची, अर्धे पैसे आधी, आणि पुढच्या हंगामाला पण घेणार का ते लेखी. मुंबईच्या निर्यातदारांना आमचा दर आम्ही कळवायचा, त्यांचा विचारायचा नाही. शुल्क गेलं तर जो फरक पडेल त्यातला वाटा मजुरीत दिसला पाहिजे, हे पत्रात घातलंय. बाहेरून येणाऱ्या चौघींना सभासद करून घेतोय.

तासाचा हिशोब मात्र अडला. एक म्हणते वेणीला अर्धा तास, दुसरी म्हणते सव्वा तास. म्हणून येत्या सोमवारपासून प्रत्येकीने वहीत वेळ लिहायची, पोरींनी मोबाइलवर लावून द्यायची. आठवड्याने तक्ता इथे टाकते. कॉफी दादा, तुम्ही आणि उद्यमबाग साहेबांनी तो तपासून द्या.

उद्यमबाग_फौंड्री

नक्की. वाया जाणारं कातडं आणि नापास होणाऱ्या जोड्या पण लिहा, आमच्याकडे रिजेक्शन धरतात तसं. लोक तेवढंच विसरतात आणि मग दर कमी पडतो.

खानापूर_काजू

आणि कान शिवताना आरी लागून हात दुखावले तर त्या दिवसाची मजुरी पण. निट्टूरकर, तुमचा फोन लागत नाही. बागायतदारांची यादी झाली का?

निट्टूरकर

अकरा जण तयार आहेत काका. रविवारी युनिटवर येतो.